ॲप्रन जड आहे

हेंद्रेपाड्यातल्या एक्स-रे सेंटरवर जितेश गायकर एकटाच टेक्निशियन आहे. भिंतीवर ठळक पाटी आहे: गर्भवती असल्यास आधी सांगा. ती वाचून आजवर कोणी काही सांगितलेलं नाही. सासू शेजारी उभी असताना, तिसरा महिना सरायच्या आत, कुठली सून बोलेल? पूर्वी जितेश तोंडाने विचारायचा. सुना "नाही" म्हणायच्या आणि सासवा त्याच्याकडे रागाने बघायच्या.

मग त्याने विचारणं सोडलं. पेशंटला धरायला कोणी आत लागलं आणि पुढे झालेल्या सुनेचा चेहरा बघून शंका आली, तर तो म्हणतो, "ॲप्रन जड आहे, तुम्हाला पेलायचा नाही," आणि घरातल्या पुरुषाला बोलावतो. शिशाचा ॲप्रन जड असतो हे खरंच आहे. पाण्याचे हंडे जिन्याने वर नेणाऱ्या बायकाही मुकाट ऐकून घेतात. तो स्वतः धरत नाही. "तुम्ही एकदाच धरणार, मला रोज धरावं लागेल," म्हणतो.

पण बायकांच्या लक्षात यायचं ते आलंच. जितेशने सुनेला ॲप्रन जड सांगितला, की सासू घरी जाऊन दिवस मोजायला लागते.

यंदा उन्हाळ्यात माझ्या शेजारच्या बनूबाई मोरीत घसरल्या. त्यांची सून वैदेही आणि मी त्यांना रिक्षाने घेऊन गेलो, मुलगा कल्पेश मागून बाईकवर. वैदेहीला दुसरा महिना होता. हे कल्पेशला ठाऊक होतं, आणि मला, कारण ती ओकायला आमच्याकडे यायची. गेल्या खेपेला बनूबाईंनी लगेच बिल्डिंगभर पेढे वाटले होते. ते मूल राहिलं नाही. मग कितीतरी दिवस जो तो तिला जिन्यात थांबवून विचारायचा, "काय झालं गं?" या वेळी तीन महिने कोणाला कळू नये, एवढंच तिचं म्हणणं होतं.

टेबलावर बनूबाईंना कुशीवर राहवेना. "वैदेही धरेल मला," त्या म्हणाल्या.

जितेशने वैदेहीकडे एकदा पाहिलं. "ॲप्रन जड आहे. कल्पेश, तू ये आत."

"तो काय धरणार? त्याला दुधाची पिशवी धरता येत नाही." मग बनूबाईंचं कण्हणं थांबलं. "जितेश, ॲप्रन कोणाला जड आहे?"

वैदेही फरशीकडे बघत राहिली.

"वहिनींना," जितेश माझ्याकडे बोट करून म्हणाला. चेहरा कोराच. "वैदेही, यांना बाहेर नेऊन बसव. पाणी दे. उभं राहू देऊ नकोस."

मी अठ्ठेचाळीस वर्षांची. माझा मुलगा नोकरीला लागलाय. मी वैदेहीच्या हातावर भार टाकून बाहेर गेले.

कल्पेशने डोळे मिटून आईला धरलं. फोटो चांगला आला, हाड शाबूत होतं.

घरी पोचल्यावर बनूबाईंनी मला जवळ ओढलं. "या वयात गं?"

"काय करणार," मी म्हटलं. "कोणाला सांगू नका."

संध्याकाळपर्यंत तळमजल्यावर आमच्या ह्यांचं अभिनंदन झालं. ते थँक्यू म्हणाले, आणि कशाबद्दल ते वर येऊन मला विचारलं.

पुढचे काही आठवडे बायका मला जिन्यात गाठून काय काय विचारत. तेवढ्यात वैदेही शेजारून हळूच वर निघून जाई. तिला कोणी काही विचारलं नाही.