शेऱ्याचा रकाना

नगरच्या एका छोट्या संग्रहालयात जुन्या नोंदी संगणकावर चढवायच्या कामाला मी लागले, आणि पहिल्याच महिन्यात असा पराक्रम केला की अजून आठवला तरी कान गरम होतात. तिथली तांब्याची भांडी काळी पडली होती. आमच्या घरी दसऱ्याला तांबं-पितळ चिंचेने लख्ख करायची शिस्त. मी घरून चिंच आणि मीठ नेलं, दुपारभर बसून चौदा भांडी घासली, ओळीने मांडली आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले.

नोंदवही सांभाळणारे सर निवृत्तीला आले होते. त्यांनी एक घागर उचलून तिचं बूड पाहिलं, मग दुसरीचं.

"नंबर कुठे गेले?"

प्रत्येक वस्तूच्या बुडाला वार्निशच्या थरावर मुंगीएवढ्या अक्षरात नंबर असतो, हे मला माहीत होतं. तो चिंचेने जातो, हे माहीत नव्हतं. त्या नंबराने वस्तू वहीतल्या आपल्या ओळीशी बांधलेली असते: कोणी दिली, कुठल्या गावची, कशाला वापरायचे.

"आता ही नुसती मोडीत घालायची भांडी झाली," सर म्हणाले. त्यांनी आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढचे आठ दिवस मी वही, मोजपट्टी आणि वजनकाटा घेऊन फरशीवर बसले. वही लिहिणारा माणूस माझ्या जन्माआधी तिथे नोकरीला होता. काय काय पाहिलं होतं त्याने! ‘काठ डावीकडे किंचित दबलेला.’ ‘कडीची एक खीळ लोखंडी.’ ‘पोटावर तीन पोचे, मधला खोल.’ संग्रहालयाच्या वहीत वस्तूंचं कौतुक असेल असं मला वाटायचं. इथे तर पानोपानी व्यंगंच लिहिली होती, आणि त्या व्यंगांवरूनच एकेक भांडं आपल्या ओळीला जाऊन मिळत होतं. मी थक्क होऊन गेले. ज्याचा चेहराही कधी पाहिला नाही त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

बारा भांडी जुळली. दोन घागरी राहिल्या. उंची तीच, घेर तोच, वजनही जवळपास तेच. एक बाजारात मोडीतून घेतलेली, दुसरी पाथर्डी तालुक्यातल्या एका बाईने दिलेली. त्या बाईच्या घागरीची खूण ‘काठाला हळदीकुंकवाचा थर’ अशी लिहिली होती. ती खूण मी नळाखाली धुऊन मोकळी झाले होते.

आणि नेमका त्याच आठवड्यात फोन आला. ती बाई आता हयात नव्हती. तिची मुलगी कोपरगावकडे ऊसतोडीला गेली होती आणि हंगाम संपवून गावी परतताना आईची घागर बघायला येणार होती, सोमवारी. कुठलीही एक पुढे केली तर तिला काय कळणार आहे, असं माझ्या मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू? पण परक्याची घागर आईची म्हणून तिच्या हातात द्यायची, हे काही मनाला पटेना.

शनिवारी सरांनी वहीवर बोट ठेवलं. "शेरा वाचलात का?"

नव्हता वाचला. संगणकाच्या तक्त्यात शेऱ्याला रकानाच नव्हता, म्हणून पानाची ती उजवी कड मी रोज सोडून देत होते. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘आत क्षाराचा पांढरा पट्टा, गळ्याखाली सात बोटे. त्यावर तांबे कोरे. देणारी सांगते, पाणी कधी याच्या वर भरले नाही.’

मोबाईलचा उजेड आत सोडला. एक घागर गळ्यापर्यंत पांढरी होती. दुसरीत, गळ्याच्या बरीच खाली, सरळ रेघ. आतून घासायचा मी कंटाळा केला होता म्हणून ती वाचली होती. कोणी एक माणूस या घागरीत डोकावला होता, त्याने तो पट्टा बोटांनी मोजला होता, आणि वर त्या बाईला त्याबद्दल विचारलंही होतं. ती घागर मी दोन्ही हातांनी उचलून वेगळी ठेवली.

सोमवारी ती आली. पन्नाशीची असावी. टेम्पो बाहेर थांबवून आली होती. मी घासण्यापासून सगळं सांगून टाकलं.

"अगं बया! आईनं एवढी कवा घासली न्हाई," ती हसली.

मग पदराला हात पुसून तिने तो घागरीत घातला. बोटं चाचपत फिरली आणि एका जागी थांबली.

"हाय," ती म्हणाली. "हितपत्तोरच."

"विहिरीला पाणी नसायचं का, मावशी?" मी विचारलं. वहीवरून मला तेच वाटलं होतं.

"पानी हुतं की, ताई. थोडं हुतं. पर मागं बाया रांगेत असायच्या. मी म्हनायचे, आई, पुरी भर की. ती म्हनायची, मंग मागच्यांनी काय न्यायचं?"

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजत होता. सर उठून ड्रायव्हरला थांबायला सांगायला गेले. तिने हात आतच ठेवला होता.