केजची दम्याची शाळा

संशोधनाच्या कामात एक गंमत असते. जे मोजायला बसावं ते वेळेवर हाती लागत नाही, आणि जे कुणी मागितलेलंच नसतं ते आपोआप साठत जातं. आमच्या डॉक्टर मॅडमकडे फुफ्फुसांचे आलेख साठले, माझ्याकडे किस्से. आलेख पुण्याला गेले. किस्से कुणी मागवले नाहीत, त्यामुळे ते माझ्याकडेच राहिलेत आणि चहाला कुणी भेटलं की बाहेर येतात.

आधी काम काय होतं ते सांगतो. चुलीच्या धुरानं, बिडीनं, जिनिंगमधल्या कापसाच्या धुळीनं ज्यांची फुफ्फुसं कायमची खराब झालीत, अशी माणसं आपल्याकडे घरटी सापडतील. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात, गाव सरसकट दमा म्हणतं. औषधाच्या जोडीला या लोकांना रीतसर व्यायाम शिकवला तर दम टिकतो, हे मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांत बघून झालंय. पण तिथं मशिनं असतात, एसी हॉल असतो. आपल्याकडे समाजमंदिरात सतरंजी टाकून तोच व्यायाम घेतला तर गुण येतो का, हे मॅडमना बघायचं होतं. मॅडम पुण्याच्या, छातीच्या डॉक्टर. मी केजचाच, इथल्या दवाखान्यात श्वास मोजायच्या मशीनवरचा टेक्निशियन. वर्ग भरायला लागले तसं लोकांनी त्याचं नाव 'दम्याची शाळा' ठेवलं, आणि मी झालो 'फुंकणीवाले सर'.

*

फुंकणी म्हणजे स्पायरोमीटर. छातीभर श्वास घ्यायचा आणि एका दमात, सगळा जोर लावून नळीत फुंकायचा. तो झटका महत्त्वाचा.

सरूबाई धारूरकडच्या. साठीच्या पुढच्या, सगळा जन्म चुलीपुढं गेलेला. त्यांनी नळी तोंडात धरली आणि इतकं हळुवार फुंकलं की मशीनला कळलंसुद्धा नाही. मी पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. मग मॅडम पुढं आल्या. पेशंटच्या भाषेत समजावलं पाहिजे यावर त्यांचा भारी विश्वास. त्या म्हणाल्या, समजा ही तुमची फुंकणी आहे, आणि पुढं चूल आहे. आता फुंका.

सरूबाईंनी आणखी हळू फुंकलं.

मॅडमनी विचारलं, असं का? सरूबाई म्हणाल्या, "जोरात फुंकलं तर राख भाकरीवर उडंल की."

मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या. मला मात्र एक माहिती होती. सरूबाई आणि त्यांची जाऊ एकाच जीपमधून आल्या होत्या, आणि उतरेपर्यंत दोघी दोन बाजूंना बघत बसल्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, चूल राहू द्या. जाऊबाईंना एकदाच काय ते सुनावायचंय असं समजा."

मशीनवरची रेघ अशी उसळली की बाहेर बाकावर बसलेली जाऊ उठून आत डोकावली. तिला वाटलं, कुणी आपलं नाव घेतलं.

*

फुंकून झालं की प्रश्नावली. आजारामुळं माणसाच्या जगण्यावर किती परिणाम होतो, ते विचारायचं. प्रश्न बाहेरच्या देशात तयार झालेले, मराठीत आणलेले. 'एक जिना चढल्यावर दम लागतो का?' या प्रश्नाला निम्म्या लोकांनी एकच उत्तर दिलं, की आमच्या घराला जिना नाही.

पण दगडूबांची सर कुणाला नाही. दगडूबा जिनिंगमध्ये आयुष्य काढलेले, वर बिडीचा नाद. मॅडमनी विचारलं, खोकल्याचा त्रास होतो का? दगडूबांनी नीट विचार केला.

"मला न्हाई. सुनंला होतो."

मॅडम चपापल्या. सुनेलाही खोकला आहे का, म्हणून त्यांनी काळजीनं विचारलं.

"न्हाई न्हाई. खोकतो मी. झोपमोड तिची हुती."

पुढचा प्रश्न बिडीचा. दगडूबा म्हणाले, सोडली. मॅडम खूश. कधी सोडली? तर म्हणाले, आत्ताच, दारात, आत येताना. मॅडमनी आठवण करून दिली की मागच्या खेपेलाही तुम्ही सोडली म्हणाला होतात.

"तवाबी सोडलीती," दगडूबा म्हणाले. "डाक्टरसंगं मी खोटं कावून बोलू?"

*

याच दगडूबांना मॅडमनी ओढायचा पंप दिला. कसा हलवायचा, कसा तोंडात धरायचा, दाबून श्वास कसा आत घ्यायचा, किती थांबायचं, सगळं करून दाखवलं, करून घेतलं. पुढच्या खेपेला दगडूबा आले ते पंप काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालून. मॅडमना फार बरं वाटलं. त्या मला म्हणाल्या, बघा, जवळ ठेवतात, नाहीतर लोक कपाटात ठेवून विसरतात. दगडूबाही म्हणाले की लई गुण आहे, गळ्यात आल्यापासून दम कमी लागतो.

मी पंप हातात घेतला तर जड. जसा दिला होता तसाच भरलेला. मी विचारलं, आतलं औषध ओढलं का नाही?

दगडूबांनी माझ्याकडं असं पाहिलं, की हा माणूस शिकला कसा.

"वढून कावून टाकू? संपून जाईल की."

*

सहा मिनिटं चालायची चाचणी ही या संशोधनातली मोठी चाचणी. सहा मिनिटांत माणूस किती अंतर चालतो त्यावर त्याच्या फुफ्फुसांचं खरं कळतं. दवाखान्यात तेवढा लांब व्हरांडा नव्हता, म्हणून आम्ही मागच्या मोकळ्या जागेत दोन टोकांना दोन लाल कोन ठेवले होते. या कोनापासून त्या कोनापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. आम्ही बाजूला उभं राहायचं आणि मध्ये बोलायचं नाही. 'छान चाललंय, चालू ठेवा' अशी ठरलेली दोन-चार वाक्यंच म्हणायची, कारण जास्त उत्तेजन दिलं तर माणूस जास्त चालतो आणि मोजमाप चुकतं.

बिरूमामा धारूरच्या घाटातले मेंढपाळ. दम लागायचा, पण पाय तयार. मॅडमनी सांगितलं, जमेल तेवढं चाला. बिरूमामा निघाले. कोनापाशी पोचले. कोन ओलांडला. फाटकातून बाहेर पडले.

मी मॅडमकडं बघितलं, मॅडम घड्याळाकडं. नियमात लिहिलेलं वाक्य मी मोठ्यानं म्हटलं, "छान चाललंय, चालू ठेवा." दुसरं म्हणायला काही परवानगीच नव्हती. बिरूमामांनी हात वर केला आणि ते रस्त्याला लागले.

मग मी पळालो. जीपच्या अड्ड्यावर पोचलो तोवर माझाच दम गेला होता. ओळखीचा ड्रायव्हर म्हणाला, "कावून पळायलास बे?" बिरूमामा त्याच्याच धारूरच्या जीपमध्ये खिडकीशी बसलेले. मला बघून त्यांनी विचारलं, सहा मिनिटं झाली का?

मी म्हटलं, मामा, कोनापासून माघारी यायचं होतं.

बिरूमामा माझ्यावर चिडले नाहीत. पण त्यांना खरंच कळत नव्हतं. "माघारीच यायचं हुतं," ते म्हणाले, "तर मला धाडलं कावून?"

*

वर्गात पहिल्यांदा शिकवायचो ते ओठांचा चंबू करून श्वास सोडणं. नाकानं आत घ्यायचा, शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करायचे आणि हळूहळू सोडायचा. दम लागला की याचा फार उपयोग होतो.

सरूबाईंनी ते मनावर घेतलं. घरीसुद्धा सकाळ-संध्याकाळ ओट्यावर बसून करायच्या. महिन्याभरानं त्यांची सून शाळेत आली, चेहरा गंभीर. मॅडमना एकीकडं घेऊन तिनं सांगितलं की सासूबाईंचा हा व्यायाम घरात घेता येईल असा द्या. समोरच्या ओट्यावर एक म्हातारे बसतात, त्यांच्या घरून निरोप आलाय की तुमची म्हातारी आमच्या म्हाताऱ्याला शिट्टी मारती.

मॅडमनी सरूबाईंना बोलावलं. संकोचत, शब्द जपून, सगळं सांगितलं. सरूबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हातारा काय म्हणला?

सून म्हणाली, ते काही म्हणाले नाहीत. ते आता नवं धोतर नेसून बसतात.

*

सगळे दिवस हसण्याचे नव्हते. एका थंडीत दगडूबांना जोराचा ॲटॅक आला. छातीत संसर्ग, ओठ निळे, बोलता येईना. मुलानं जीप करून आणलं. ऑक्सिजन लावला, वाफेचं औषध सुरू केलं. मॅडम खुर्ची ओढून त्यांच्या उशाशीच बसून होत्या. संशोधनात भाग घेतलेल्या माणसाला असं काही झालं की वर कळवावं लागतं, पण त्या दिवशी मॅडमना त्याचं भानही नव्हतं. त्या नुसत्या त्यांच्या छातीचं वर-खाली होणं बघत होत्या. सून दाराशी उभी राहून रडत होती. रोज झोपमोड होणारी तीच.

दुपारनंतर जरा उतार पडला. दगडूबांनी डोळे उघडले, हातानं मास्क सरकवायला लागले. मॅडमनी हात धरला, बोलू नका म्हणाल्या. पण ते ऐकेनात. काहीतरी महत्त्वाचं असावं म्हणून मुलगा वाकला, सून वाकली, मीही वाकलो.

"गुरुवारी शाळा हाय," दगडूबा म्हणाले. "खांबाजवळची माझी जागा धरून ठिवा."

मॅडम उठून बाहेर गेल्या आणि बराच वेळ हात धूत राहिल्या. गुरुवारी दगडूबांना सुट्टी मिळाली नव्हती. पण खांबाजवळ कुणी बसलंही नाही.

*

आता आबासाहेबांचं सांगतो.

लिंबागणेशच्या बाजूला एका गावात आमचं काम होतं. आबासाहेब तिथले मोठे जमीनदार, गावच्या राजकारणातलं एक टोक. दुसऱ्या टोकाला त्यांचे चुलतभाऊ तात्या. आबासाहेबांना चांगलाच दमा होता. घरापासून पारापर्यंत जायचं तरी जीप काढायचे.

संशोधनाचा नियम असा, की निम्म्या लोकांना व्यायामाचा वर्ग आणि निम्म्यांना आत्ता फक्त औषध, म्हणजे फरक कळतो. या औषधवाल्यांचा वर्ग काम संपल्यावर. कोण कुठं, ते कम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो. कम्प्युटरनं आबासाहेबांना फक्त औषधात टाकलं आणि तात्यांच्या गटातल्या तिघांना वर्गात.

आबासाहेब जीपमधून केजला आले. शांतपणे बसले. मॅडमनी सगळं समजावलं, यात कुणाचा हात नसतो हेही सांगितलं. आबासाहेबांनी एकच विचारलं, "कम्प्युटर कुण्या पार्टीचा हाय?"

त्यानंतर त्यांनी कुरकूर केली नाही. मॅडमना वाटलं, पटलं.

काम संपत आलं तेव्हा त्या गावचे आकडे बघून मॅडम चक्रावल्या. वर्गातली माणसं सुधारली होती, ते ठीक. पण नुसत्या औषधाची माणसंही तेवढीच सुधारली होती. मॅडमनी मशीन तपासायला लावलं, मला तपासलं. शेवटी आम्ही दोघं न सांगता सकाळीच गावात गेलो.

शिवारातल्या रस्त्यानं समोरून मिरवणूक येत होती. पुढं आबासाहेब, पायी, हातात काठी. मागं आमच्या औषधाच्या गटातली झाडून सगळी माणसं, आणि त्यांच्या मागं आणखी पंधरा-वीस, ज्यांना दमाच नव्हता. कुणीतरी सांगितलं की हे रोजचं आहे. आबासाहेबांनी सुरुवात केली तेव्हा गावाला वाटलं, निवडणूक लागली. तात्यांनाही तसंच वाटलं. तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं तात्यांची मिरवणूक आली. दोन्ही मिरवणुका एकमेकींकडं न बघता शेजारून गेल्या. सगळं गाव चालत होतं.

मॅडम ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसल्या. आबासाहेब थांबले. पूर्वी जीपमध्ये चढतानाही त्यांना धाप लागायची. आता काठी बगलेत धरून ते सरळ उभे होते. मॅडमनी सांगितलं की तुमच्यामुळं या गावचे आकडे तुलनेच्या कामाचे राहिले नाहीत, आणि जे झालं ते जसंच्या तसं मला लिहून पाठवावं लागेल. आबासाहेब म्हणाले, पाठवा.

मग मॅडमनी विचारलं की वर्गातल्यांवर एवढा राग होता का, की सगळं गाव मागं घेऊन चालावं?

"राग कशाचा," आबासाहेब म्हणाले. त्यांनी मागं बघितलं, माणसं जरा लांब आहेत याची खात्री केली आणि आवाज उतरवला. "मॅडम, एकटा पायी निघालो असतो तर गाव म्हणलं असतं, आबाची जीप गेली."