दिवाणभर साबण

साठवलेला साबण कधी ना कधी संपतो. साखर संपते, तेल संपतं, टूथपेस्ट तर पिळून पिळून संपवावी लागते. पण त्या साठवणुकीचे किस्से मात्र वाढतच जातात! आजही आम्ही तिघी भेटलो की एक कुणीतरी एखादा काढते, त्यावरून दुसरीला दुसरा आठवतो आणि चहा गार होतो. आता हसतो आम्ही. त्या वेळी हसू येत नव्हतं. त्या वेळी नुसती लाज वाटायची.

तिघी म्हणजे मी, शबानाभाभी आणि कुसुमताई. नव्वदीच्या शेवटी शेवटी शिरूरला एकाच चाळीत ओळीनं आमच्या खोल्या होत्या. आमचे हे कोरेगाव भीमाकडच्या एका कंपनीत, कॉन्ट्रॅक्टवर. परमनंट होणार, होणार म्हणून सगळे सांगायचे, होत मात्र नव्हते. भाभींचे सलीमभाई टेम्पो चालवायचे. कुसुमताई जवळच्या एका गावात शाळेत शिकवायच्या. त्यांचे मालक लवकर गेले, घरात त्या आणि त्यांची मुलगी. महिनाअखेरीला तिन्ही घरांतल्या डब्यांचे तळ दिसायचे.

"सुटं सुटं घेतो ना, म्हणून आपलं पुरत न्हाई," भाभी एकदा म्हणाल्या. "दौंडला होलसेलमधी जायचं, एकदम उचलायचं आन् वाटून घ्यायचं!"

झालं. तिथून सुरू.

*

पहिल्याच फेरीत आम्ही तीन पोती उचलली. एक साबणाचं, एक कपडे धुवायच्या पावडरीचं, एक साखरेचं. एसटीत ठेवायला जागा नाही म्हणून पॅसेजमध्येच उभी केली. येणारा जाणारा ठेचकाळायचा आणि आमच्याकडं बघायचा. शेवटी पुढच्या सीटवरच्या एका आप्पांनी विचारलंच, "काय ताई, दुकान टाकलंय का?"

घरात वापरायला नेतोय म्हणायची मला लाज वाटली. एवढा साबण घरात कोण वापरतं? म्हटलं, "व्हय."

"कुठं?"

तोंडाला येईल ते बोलले, "न्हावऱ्याला!"

कुसुमताईंनी मला असा चिमटा काढला की दंड दोन दिवस निळा होता.

न्हावरं आलं. आम्ही तिघी खिडकीबाहेर बघत गप्प. आमची तिकिटं शिरूरची. पण गाडीतली माणसं फार चांगली हो! आप्पा उठून उभे राहिले आणि ओरडले, "आरं, ताईंचं गाव आलं! हात लावा रं जरा!" बघता बघता तिन्ही पोती खाली. आता आम्ही न उतरून सांगतो कुणाला? उतरलो.

गाडी सुटली तसे आप्पा खिडकीतून वाकले आणि हात हलवून म्हणाले, "येतो बरं का एकदा दुकानात! उधारी न्हाई मागायचो!"

*

माल आला, पण ठेवायचा कुठं? दहा बाय बाराची खोली. दिवाणात साबण, मोरीच्या वर तेलाचे डबे, आणि तांदळाचं पोतं जागा नाही म्हणून वासाच्या साबणाच्या खोक्यांना चिकटून. मला वाटलं, पोत्यातून काय आत जातंय!

महिनाभरानं यांच्या कंपनीतले एक मित्र घरी आले. चहा घेता घेता म्हणाले, "वहिनी, राग नका मानू. तुमच्या हातचा भात खाल्ला की जेवणानंतर हात धुवायची गरज पडत न्हाई."

मला काही कळेना. मग त्यांनीच सांगितलं. डबा उघडला की सगळ्या टेबलावर साबणाचा वास सुटायचा म्हणे. सगळे हसायचे. आणि हे रोज तो भात शेवटच्या शितापर्यंत खायचे.

पाहुणे गेल्यावर मी यांच्यावरच चिडले. "महिनाभर साबणाचा भात खाल्ला आणि एका शब्दानं बोलला नाहीत?"

हे म्हणाले, "मला वाटलं, तू बासमती आणलाय."

*

त्यानंतर ट्यूबांचा प्रकार झाला. दौंड स्टेशनजवळ एक माणूस फुटलेल्या कार्टनमधला माल विकायला बसायचा. त्याच्याकडं ढीगभर ट्यूबा होत्या. खोकी नाहीत, वरची अक्षरं परदेशी. भाव असा की भाभींनी विचारायच्या आधीच पिशवी उघडली.

"ताई, तुमी शिकलेल्या. वाचा, दातांचंच हाय ना?"

कुसुमताईंनी चष्मा लावला, ट्यूब उन्हात धरली आणि म्हणाल्या, "क्रीम असं लिहिलंय. दातांचंच असणार. बाहेरच्या देशात क्रीमच म्हणतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीच्या नळावर आधी भाभी आल्या. मग कुसुमताई. मग मी. तिघींच्या तोंडातून फेस. थुंकावा तेवढा वाढायचा. नळावरच्या बायका बादल्या सोडून मागं सरकल्या. एकीनं तर आपल्या पोरीला आत ढकललं. तोंड धुऊन धुऊन चूळ साफ यायला बराच वेळ गेला, आणि तेवढ्या वेळात सगळी चाळ गोळा झाली.

ते दाढीचं क्रीम होतं.

आता झाली ना पंचाईत! कुसुमताईंच्या घरात पुरुष नाही. सलीमभाईंची दाढी छातीपर्यंत. म्हणजे सगळ्या ट्यूबा आमच्या घरी! मी यांना सकाळी एकदा आणि कामावरून आल्यावर एकदा दाढीला बसवायला लागले. माल वाया जायला नको ना!

एक दिवस हे आरशात बघून म्हणाले, "आता केस नाही, नुसती सालं काढतोय मी."

*

पुढचं मात्र माझ्या नणंदेच्या लग्नाचं. त्यात थट्टा नव्हती.

नणंद शिकायला आमच्याकडंच होती. स्थळ खुटबावकडचं; माझं माहेर तिकडंच असल्यानं मीच आणलेलं. मुलगा चांगला, घर चांगलं. मी आदल्या दिवसापासून घर आवरलं. सगळा माल दिवाणात कोंबला, वर गादी, गादीवर नवीन चादर. मुलाचे चुलते आबा म्हणजे त्या घरातले कर्ते. सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. त्यांना मानानं दिवाणावर बसवलं.

नणंद पोह्यांचा ट्रे घेऊन आली, वाकली, आणि त्याच वेळी दिवाणाच्या पुढच्या फळीनं राम म्हटला. आधी एक वडी सटकली आणि आबांच्या पायाशी आली. मग दुसरी. मग धबधबाच! गुलाबी, हिरव्या, पांढऱ्या वड्या सगळ्या खोलीभर. आबा पोह्यांची बशी धरून तसेच तिरके. मुलानं खाली वाकून दोन वड्या उचलल्या आणि ठेवायच्या कुठं ते न कळून हातातच धरून बसला.

माझे कान तापले होते. यांनी मान खाली घातलेली. नणंदेच्या डोळ्यांत पाणी.

आबांनी पोहे संपवले. पाणी प्यायले. मग यांना जवळ बोलावून हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरगी आमाला पसंत हाय. फकस्त एक खरं सांगा. अंगाला काय खाज-बिज न्हाई ना तिच्या?"

लग्न झालं. पण आहेरात आबांनी नणंदेच्या हातात साबणाचा बॉक्स ठेवला तेव्हा त्या मांडवातून मी जी आत गेले ती पंगत उठेपर्यंत बाहेर आले नाही.

*

एवढं होऊनही आम्ही थांबलो नाही. उलट त्या वर्षी साखर महागणार अशी हूल उठली आणि आम्ही दुप्पट साखर भरली. आणि नेमकं तेव्हाच चाळीत कुणीतरी बातमी आणली की जीपमधून दोन साहेब आलेत, हातात कागद आहेत आणि घरोघर चौकशी करतायत.

"पुरवठा खात्याचे!" कुसुमताईंच्या तोंडचं पाणी पळालं. "साठेबाजी म्हणजे गुन्हा आहे. माझी नोकरी जाईल!"

मग काय, साखर पिंपात घातली, वर गोधड्या. तेलाचे डबे भाभींच्या पलंगाखाली. कुसुमताईंच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीसमोरचं टेबल सोडलं तर इंचभर जागा मोकळी नव्हती. तिथला माल आम्ही पोरीच्या दप्तरातसुद्धा भरला. साहेब दारात आले तेव्हा तिघीही भाभींच्या खोलीत घामाघूम. भाभी पुढं झाल्या. दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या.

साहेबांनी कागदावरून मान वर न करता विचारलं, "घरात एकूण किती?"

"पाचच किलो, साहेब!" भाभी म्हणाल्या. "अल्लाची शपथ, पाचच किलो!"

साहेबांनी पेन खाली केलं. भाभींकडं बघितलं. आमच्याकडं बघितलं. मग फार शांतपणे म्हणाले, "ताई, माणसं विचारतोय. जनगणना आहे."

*

आणि हा शेवटचा. हा आम्ही चारचौघांत सांगत नाही.

कंपनीनं कॉन्ट्रॅक्टवाल्यांना घरी बसवलं. यांनाही. हे रोज सकाळी नेहमीच्या वेळेला डबा घेऊन बाहेर पडायचे, काम शोधायला. शेजाऱ्यांना वाटावं कामावरच चाललेत. मीही कुणाला बोलले नाही. भाभींनाही नाही, ताईंनाही नाही. आधी साठवलेले तांदूळ गेले, मग तेल, मग साखर. एक दिवस बघितलं तर घरात फक्त साबण उरला होता. साबण काही शिजवता येत नाही.

मी दोन पोती बांधली. भाभींनी विचारलं तर सांगितलं, "माहेरी चाललेय, खुटबावला. वहिनीनं मागितलाय थोडा साबण." आणि पहिल्या गाडीनं दौंडला गेले. शिरूरला बसायची हिंमत नव्हती. दौंडला ओळखणारं कोण होतं?

आठवडे बाजार होता. मी अगदी कडेला गोणपाट अंथरलं, साबण मांडला आणि पदर नाकापर्यंत ओढून बसले. शेजारी एक म्हातारी कोथिंबीर विकत होती, घसा फोडून ओरडत होती. मला आवाजच फुटेना. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. माणसं यायची, बघायची, पुढं जायची. एकानं तर विचारलं, "बाई, इकायचाय का नुसता राखत बसलाय?"

मी मान हलवली. व्हय म्हणून का नाही म्हणून, माझं मलाच माहीत नाही. तो गेला निघून.

ऊन चढलं. एकही वडी गेली नव्हती. परतीच्या गाडीला पैसे पुरतील का याचा विचार करत होते तेवढ्यात समोर चपला थांबल्या. ओळखीच्या.

"काय गं सुनंदा," शबानाभाभी म्हणाल्या, "खुटबावला एवढा मोठा बाजार कवापासून भरायला लागला?"

मी वर बघितलंच नाही. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. भाभींनी माझ्याशेजारी फतकल मारली. त्यांच्या मागं कुसुमताई. शाळेची कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, हातात घड्याळ. दोघींच्या हातात एकेक जड पिशवी. यांचं काम सुटल्याचं सलीमभाईंना कळलं होतं, आणि सकाळी दौंडच्या गाडीत पोती चढवताना त्यांनी मला बघितलं होतं म्हणे. दोघींनी आपापल्या घरातला साबण काढून माझ्या गोणपाटावर मांडला.

"ताई, तुमची शाळा?" मी विचारलं.

"रजा टाकलीय," त्या म्हणाल्या आणि पदर कमरेला खोचला.

भाभींनी आवाज लावला. "घ्या, घ्या! होलसेलचा भाव, घ्या!" मग कुसुमताईंनी घसा साफ केला आणि साठ पोरांचा वर्ग गप्प करणाऱ्या त्या आवाजात ओरडल्या, "ताजा साबण! एकदम ताजा!"

"अहो ताई, ताजी भाजी असती!" भाभी म्हणाल्या.

कोथिंबीरवाली म्हातारी हसली. दोन बायका थांबल्या. मग चार. मी सुट्टे देत होते, भाभी भाव करत होत्या, ताई कागदात गुंडाळून देत होत्या. गोणपाट निम्मं रिकामं झालं.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढं आली. हातात मुलाचा हात. मुलानं ताईंना बघितलं आणि आईमागं लपला. ती बाई बघतच राहिली.

"बाई... तुमी?"

मी ताईंच्या पदराला धरून मागं ओढायला हात पुढं केला.

कुसुमताईंनी हातातली वडी कागदावर ठेवली आणि सरळ तिच्याकडं बघितलं.

"हो, मीच," त्या म्हणाल्या. "कुठला देऊ? गुलाबी का हिरवा?"