गेममधली टिनाची शेड

माझी नात ज्या गेममध्ये सुट्टीचा दिवस घालवते, त्यात जग बुडून दोनशे वर्षं झालेली आहेत. युद्ध झालं, बॉम्ब पडले, आणि उरलेली माणसं पडक्या घरांतून डबे-बाटल्या शोधत हिंडतात. आपण त्यातलं एक माणूस व्हायचं. वाटेत जो भेटेल त्याच्याशी बोलायचं, त्याचं काम करून द्यायचं, नाहीतर त्याला गोळी घालायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी एवढंच विचारलं, की दोनशे वर्षांत एकीनंही केर कसा काढला नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी भिलाईतच नेहरू नगरला मुलाच्या घरी राहायला आले आणि नातीच्याच खोलीत माझा पलंग टाकला. तिचा कॉम्प्युटर माझ्या उशाशी. त्यामुळे मला बघितल्याशिवाय सुटका नव्हती. महिन्याभरात कळलं, की ही पोरगी नुसती खेळत नाही, मोड बनवते. म्हणजे गेम कंपनीचा, पण कंपनी लोकांना त्यात हात घालू देते. कुणी त्यात नवी बंदूक ठेवतं, कुणी झाडं लावतं, कुणी अख्खा नवा इलाका जोडतं, त्यातली माणसं आणि त्यांच्या भानगडींसकट. असा मोठा जोड असला, की त्याला एक्स्पान्शन म्हणतात. मग ज्याला हवं तो आपल्या गेममध्ये ते उतरवून घेतो.

"म्हणजे कंपनीचं क्वार्टर अन् आपली शेड," मी म्हणाले.

ती खुर्चीसकट वळली. "आजी, एकदम बरोबर. पण कोणती शेड?"

मी तिथंच गप्प बसायला हवं होतं.

तिचं एक्स्पान्शन म्हणजे भिलाईसारखंच एक लोखंडाचं गाव होतं, दोनशे वर्षांनंतरचं. वाकलेल्या चिमण्या, गंजलेले रूळ, आणि क्वार्टरांच्या रांगा. ह्यांच्या ट्रंकेत क्वार्टरचा जुना नकाशा होता. हे इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये होते, कागद फेकणं ह्यांना जमलं नाही. तो नकाशा समोर ठेवून तिनं एकसारखी घरं उभी केली होती. मग ज्या लोकांना तिनं ते तपासायला दिलं, त्यांनी लिहिलं, की काम साफ आहे, पण इथं कधी कुणी राहिलं असेल असं वाटत नाही. दोन दिवस पोरगी रुसून बसली होती.

कारण मला ठाऊक होतं. नकाशाप्रमाणे सेक्टरमध्ये, म्हणजे प्लांटच्या वसाहतीत, कुणीच राहिलं नाही. समोर मेंदीचं कुंपण, मागं परसाची बाडी, बाडीत पपई आणि तुरीची चार झाडं, आणि बाजूला टिनाची शेड. शेडला परवानगी नव्हती, म्हणून प्रत्येक शेड उद्या पाडायची असल्यासारखी बांधलेली असायची आणि वर्षानुवर्षं तशीच टिकायची. हे सगळं मी सांगितलं. नात लिहून घेत गेली.

"सर्वांत चांगली कुणाची होती?"

"शेजारणीची," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू.

शेजारीण आता बोरसीला मुलीकडे असते. नातीनं लगेच फोन लावला आणि आवाज मोठा केला. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, पण आवाज खणखणीत.

"शेड ना पोरी? खोक्याच्या पाट्यायचं दार होतं. मशीन दाराकडं तोंड करून ठेवली होती मी, उजेडासाठी. आख्ख्या लायनीतल्या बायांचे ब्लाउज शिवले तिथं. मग तोडली ना ते."

"कावून?" नातीनं विचारलं.

"कोणी तरी कंप्लेंट केली. प्लांटच्या ऑफिसची गाडी आली अन् एका दुपारी मोकळं करून गेली. मशीन पलंगाखाली गेली. दोन पावसाळे सुईत धागा नाही ओवला मी."

"कोणी केली?"

"कोपऱ्यावालीनं. दुसरं कोण करन?"

नातीचे डोळे चमकले. मी पांघरुणाची घडी घालायला घेतली. पांघरूण घडी घातलेलंच होतं.

तिचे डोळे का चमकले ते सांगते. असल्या गेममध्ये गोष्ट कुणी सांगत नाही, ती सापडते. कुठल्या तरी खणात चिठ्ठी, कुठल्या तरी टेबलावर डायरी. नातीनं ठरवलं, की तिच्या गावात हीच भानगड घालायची. खेळणाऱ्याला पडक्या घराशेजारी शिवणयंत्र दिसेल, मग तो शोधत शोधत ऑफिसच्या खणातल्या पत्रापर्यंत जाईल, आणि शेवटी कोपऱ्यावरच्या घरात गुन्हेगार सापडेल. तिथं तिनं एक बाई उभी केली. रंग फिका, केस पांढरे, चेहरा कपटी.

आता खरं सांगायचं, तर ते पत्र मी लिहिलं होतं.

तेव्हा मी बाविशीची, मॅट्रिक पास, गोंदियाकडून नवी नवरी होऊन आलेली. अक्षर सुंदर, आणि त्या अक्षराचं काय करावं हे कळत नव्हतं. माहेरी मी पत्रावर पत्रं धाडायचे, की इथं सगळी घरं एकसारखी, सरळ रेघेत, जसं वहीत आखलेलं. मग ह्यांच्या मित्राकडून घराचा फोटो काढून घेतला, माहेरी पाठवायला. फोटो आला तर अर्ध्या फोटोत शेजारणीची शेड, आणि शेडीच्या दारात वाळत घातलेला परकर. एवढंच. एवढ्यावर त्या शहाणीनं हिंदीत अर्ज लिहिला आणि खाली सही केली, 'एक जागरूक निवासी'. तिला वाटलं, ऑफिस पत्र वाचेल आणि परकर काढायला सांगेल. बावळट होती म्हणावं, तर शुद्धलेखनाची चूक एक नव्हती.

दोन वर्षांनी आम्हालाच जागा पुरेना. ह्यांनी शेड घातली. तेव्हा शेजारीण मागच्या दारानं आली आणि म्हणाली, "वैनी, माहे टीन पडूनच आहेत, घेऊन जा." मी नेले. आमची शेड तिच्या पत्र्यांखाली उभी राहिली, आणि पाऊस पडला की पहिले दोन-तीन दिवस मला झोप लागायची नाही. मग लागायची.

कोपऱ्यावालीचं म्हणाल, तर तिचा गुन्हा इतकाच, की तिचा नवरा त्याच ऑफिसात होता. शेजारणीनं तिला पुन्हा कधी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. ती पहिल्या वर्षी वाण घेऊन आली होती, दारातूनच परत गेली. मी मात्र दोन्हीकडे जायचे. दोन्हीकडचा चहा प्यायचे. आता ती कुंभारीला मुलाकडे असते, आणि माझा गुडघा कापला तेव्हा भेटायला आली होती.

इतकी वर्षं ही गोष्ट एका लायनीपुरती होती. आता नात ती कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांना वाटणार होती, कपटी चेहऱ्यासकट. मी सांगितलं असतं, तर शेजारीण तुटली असती. आणि आता माझ्या वयाच्या, माझ्या माहेरचा स्वयंपाक माहीत असलेल्या बाया अशा उरल्यात किती. मी रविवारपर्यंत गप्प राहिले, कारण रविवारी शेजारीण नातीचं गाव बघायला येणार होती. चहा झाल्यावर सांगू, असं ठरवलं.

ती ऑटोनं आली. गुडघ्याची चौकशी केली, स्वतःच्या गुडघ्याचं सांगितलं आणि खुर्चीत बसली. नात बटणं दाबत होती. लोखंडाचं गाव आलं, रांगा आल्या, मेंदीची वाळकी काटकं आली. मग शेड. शेडीच्या छपरातून एक भलं मोठं झाड वर गेलेलं.

"माह्या शेडीत झाड नव्हतं," शेजारीण म्हणाली.

"आजी, ते दुसऱ्याचा झाडांचा मोड आहे. दोन मोड एकाच जागेवर आले ना, तर भांडतात. करते मी ठीक."

"राहू दे. सावली होईल."

तिला दार आवडलं, मशीन आवडली. दोनदा तिनं पडद्याला बोट लावून बघितलं. मग नात ऑफिसात गेली, खण उघडला आणि पत्र मोठ्यानं वाचू लागली. तिनंच रचलेलं हिंदी. "साहब, हमारे बाजू में शेड है, बहुत गंदा दिखता है, इसको गिरा दो."

"असं नव्हतं लिहिलं," मी म्हणाले. "'हटाने की कृपा करें' असं होतं. अन् गंदा शब्दच नव्हता."

तोंडातून निघून गेलं. चहा अजून कपात होता. नातीनं बटणावरचा हात उचलला.

शेजारीण पडद्याकडेच बघत होती. "तू?"

"मीच ताई."

"कावून?"

"फोटोत येत होती."

"फोटोत," ती म्हणाली. "अन् माहे टीन घेतले तू."

"घेतले."

"मीच आणून दिले." मग तिनं कप पुढे केला. "अजून चहा टाक. साखर टाक या वेळेस, मघाशी विसरली."

मी काठी टेकत गेले, चहा टाकला, साखर दोनदा टाकली. परत आले तेव्हा ती नातीशी बोलत होती. नात विचारत होती, की पत्र काढून टाकू का.

"पत्र राहू दे," शेजारीण म्हणाली. "त्या बाईले बाजूच्या घरात ठेव. कोपऱ्यावर नाही."

"अन् शेड? मी असं करू शकते, की खेळणाऱ्यानं टीन जमवले तर शेड परत उभी होईल. पण टीन कुठून आणायचे?"

"बाजूच्याच घरून. तिथंच आहेत."

नात हसली नाही, लिहून घेतलं. मला मात्र हसू आलं, आणि मी ते कपात लपवलं. शेजारणीनं बघितलं. तीही जराशी हसली असावी, पण मी पैज लावणार नाही.

"कोपऱ्यावालीचा नंबर आहे तुह्याकडे?" तिनं विचारलं.

"आहे."

"लाव."

"काय सांगू?"

"आत्ता सांगितलं तेच. मी बसून आहे इथं."

मी लावला. शेजारणीनं हात पुढे करून आवाज मोठा केला, जसा नातीनं केला होता. तिकडं कुंभारीला घंटी वाजत राहिली, मग उचलला गेला.

"वैनी, तुम्ही? गुडघा कसा आहे?" कोपऱ्यावाली म्हणाली.

गुडघा बरा आहे, असं मी सांगितलं. मग म्हणाले, एक जुनं सांगायचं आहे, बसून ऐका. तिकडं खुर्ची ओढल्याचा आवाज आला. इकडं शेजारीण पुढे सरकली, आणि नातीनं गेम आहे तिथंच थांबवला, खण उघडा ठेवून.