मागच्या चाकातली हवा

हे मी शैलालाही सांगितलेलं नाही. इतक्या वर्षांचा संसार, मला नुसतं कसंनुसं झालं तरी तिला माझ्या आधी कळतं — पण हे नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ उचलत नाही, आणि सगळं पाप तिथूनच सुरू झालं.

चंडीगडला माझी बदली झाली ती वाईट दिवसांत. नकाशे काढणाऱ्या एका सरकारी कचेरीत मी ड्राफ्ट्समन. साताऱ्याहून उचलून थेट सेक्टर १७ मध्ये टाकलेला. पंजाबात रोज माणसं मरत होती. बसमधून उतरवून गोळ्या घातल्याच्या बातम्या आम्ही सकाळी चहाबरोबर वाचायचो. शहर मात्र नीटनेटकं, रुंद रस्त्यांचं. फक्त चौकाचौकात वाळूची पोती रचलेली आणि त्यांच्यामागे बंदुका.

त्याच दिवसांत तिथे सायकली वाढल्या. बसची लोकांना धास्ती, स्कूटरवर मागे कुणाला बसवायला बंदी — मग करणार काय? आधी शिपाई आणि कारकून, मग सेक्शन ऑफिसर, शेवटी तर आमचे मोठे साहेबसुद्धा पँटला क्लिपा लावून यायला लागले. कचेरीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी आलो तेव्हा एक कुत्री पिल्लं घालून बसलेली असायची. वर्षभरात बिचारीला तिथे बूड टेकायला जागा राहिली नाही. पाच वाजले की दक्षिणेकडच्या सेक्टरांकडे सायकलींचा लोंढा निघायचा. घंट्या, रिकाम्या डब्यांचा खडखडाट, टिंगलटवाळी. घाबरलेली माणसं एकत्र निघाली की त्यांना जरा बरं वाटतं. नियम एकच, घरोघरच्या बायकांनी घातलेला — एकट्याने यायचं नाही, जोडीने यायचं.

माझी जोडी गुरचरणसिंगांशी.

ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, हुद्द्यानेही वरचे, आणि आमच्या क्वार्टर्समध्येच राहणारे. मला सायकल घेऊन देणारे तेच. दुकानात स्वतः पाना हातात घेऊन त्यांनी माझी सीट माझ्या उंचीला बसवली. वारा समोरून असला की पुढे व्हायचे आणि ओरडायचे, “तुसीं मेरे पिच्छे रहो जी!” माझी मुलगी, जी माझ्या मराठीला हिंदीतच उत्तर द्यायची, ती त्यांना तायाजी, म्हणजे थोरले काका, म्हणायची. असा माणूस. एवढं सांगितल्यावर पुढचं लिहायला हात जड होतो.

वाटेतल्या तपासणी नाक्यावर जवान आम्हा सगळ्यांना नुसत्या मानेने पुढे सोडायचे. थांबवायचे ते पगडीला. गुरचरणजी सांगायच्या आतच उतरायचे, डब्याचं झाकण उघडून हातात धरायचे. मी पुढे होऊन म्हणायचो, “हमारे दफ़्तर के हैं.” मग दोन मिनिटांत सुटका. एकदा ते हसत म्हणाले, “आप साथ होते हो तो मुझे आदमी समझते हैं.” मीही हसलो. काय म्हणून हसलो?

मग एका संध्याकाळी नाक्यावर नवे जवान होते. त्यांनी माझं बोलणं ऐकूनच घेतलं नाही. गुरचरणजींबरोबर मलाही भिंतीकडे तोंड करून, हात वर करून उभं केलं. माझा डबा रस्त्यावर उपडा केला, आणि उरलेला थालीपिठाचा तुकडा एकाने बुटाच्या टोकाने उलटून पाहिला. पाऊण तास. बाजूने आमच्याच कचेरीतले लोक सायकलवरून जात होते आणि एकही जण आमच्याकडे बघत नव्हता. घरी आल्यावर शैला एवढंच म्हणाली, “आपण चार वर्षांसाठी आलेली माणसं हो.” त्यांची सोबत सोडा, असं ती म्हणाली नाही. तिच्या माथी मी काही मारणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून पाच वाजत आले की मी हातातली रेघ उगाच लांबवत बसायचो. मी काय करायला हवं होतं? ‘गुरचरणजी, मला भीती वाटते’ — एवढंच म्हणायचं होतं. ते समजले असते. उलट त्यांनीच मला पुढे पिटाळलं असतं. पण मला त्यांच्या नजरेत भला माणूसही राहायचं होतं आणि त्यांच्याशिवाय जायचंही होतं.

म्हणून — लिहूनच टाकतो — मी त्यांच्या सायकलची हवा सोडायला लागलो.

साडेचारला चहाच्या निमित्ताने उठायचं, शेडमध्ये जायचं, बुटाची नाडी बांधतोय असं दाखवत वाकायचं आणि त्यांच्या मागच्या चाकाच्या व्हॉल्व्हचा नट सैल करून हवा सोडायची, मग तो परत आवळायचा. पाच वाजता ते टायर दाबून बघायचे. “फिर बैठ गया.” मीही शेजारी बसून टायर दाबायचो, चुकचुकायचो, आणि मग म्हणायचो, आज जरा लवकर जायचं होतं, मुलीचा अभ्यास आहे. “जाओ जी, जाओ,” ते म्हणायचे. रोज नाही करायचो. रोज केलं तर संशय येईल, एवढी अक्कल शाबूत होती. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. त्या दिवशी मी घोळक्यात शिरून, नाक्यावर पाय न टेकता घरी पोचायचो. आणि लाज वाटायच्या ऐवजी मला मोकळं वाटायचं.

एकदा मात्र, बरं दिसावं म्हणून, पंक्चरवाल्याकडे त्यांच्याबरोबर थांबलो. त्याने ट्यूब पाण्यात बुडवली. एक बुडबुडा नाही. “पंक्चर नहीं है, सरदारजी. किसी ने निकाली है.”

गुरचरणजींनी त्या घमेल्यातल्या पाण्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “रामकिशन.”

रामकिशन आमच्या मागच्या टेबलावर बसायचा. त्याच्या धाकट्या भावाला बसमधून उतरवून मारलं होतं. तेव्हापासून तो गुरचरणजींशी बोलत नसे, त्यांनी मागवलेला चहा घेत नसे. माझा ऊर धडधडत होता, आणि हे सांगताना मान खाली जाते, पण नाव ऐकल्यावर ती धडधड थांबली. “उसका भाई गया है,” गुरचरणजी म्हणाले. “हवा ही तो निकालता है. निकालने दो.” त्याला काही बोलू नका, असं त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. मी दिलं.

मग तरी थांबलो का? नाही. आणखी तीनदा केलं.

त्यातल्या शेवटच्या दिवशी पंक्चरवाल्याचं दुकान बंद होतं. ते सायकल हातात धरून एकटेच चालत निघाले. नाक्यावर ‘हमारे दफ़्तर के हैं’ म्हणणारं कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते कचेरीत आले तेव्हा डावा हात प्लास्टरमध्ये होता आणि पगडी दुसऱ्या कुणी बांधून दिल्यासारखी सैल होती. माझ्याजवळ येऊन म्हणाले, “अच्छा हुआ, आप साथ नहीं थे.”

तो हात पुन्हा धड झाला नाही. पट्टी घट्ट धरता येईना. ज्या माणसाची रेघ बघायला नवी पोरं टेबलाभोवती जमायची, त्याने मुदतीआधी निवृत्ती मागितली आणि जालंधरला भावाकडे जायचं ठरवलं.

निरोपाला हार, समोसे आणि बर्फी होती. बर्फीचं ताट फिरवायचं काम माझ्याकडे. गुरचरणजी दोन वाक्यं बोलले आणि एकदम मंचावरून खाली उतरून रामकिशनपाशी गेले. धडधाकट हात त्याच्या खांद्यावर ठेवून म्हणाले, “हवा वाली बात मैंने दिल से निकाल दी, पुत्तर. तेरा दुख बड़ा है.”

 हवेचं प्रकरण सगळ्यांना ठाऊक होतं, नाव मात्र आज पहिल्यांदा उघड झालं होतं. रामकिशनला आधी काही कळेचना. मग कळलं. “मैंने? मैंने कब...” त्याने सगळ्यांकडे पाहिलं. कुणी नजर देईना. शेवटी माझ्याकडे वळला.

“पाटणकर जी, आप तो रोज़ इनके साथ होते थे. आप बोलो. मैंने किया?”

तो सच्चा होता, हे त्या दालनात फक्त मला माहीत होतं. एका वाक्याचं काम होतं. दोन माणसांचं ओझं उतरलं असतं.

“छोड़ो यार, रामकिशन,” मी म्हणालो. “अब बात ख़त्म करो.”

आणि बर्फीचं ताट त्याच्यापुढे धरलं. त्याने घेतली नाही.

दुसऱ्या दिवसापासून रामकिशन सायकल घरी ठेवून पायी यायला लागला. शेडच्या बाजूला तो पुन्हा फिरकला नाही. नंतर दोन वर्षांनी माझी नागपूरला बदली झाली. तोवर रोज संध्याकाळी त्याच रस्त्याने तो चालत असायचा आणि मी त्याच्या शेजारून सायकलवर पुढे निघून जायचो.