चाकांची खोली

इल्मारी वेसानेनच्या आयुष्याची गोष्ट सांगायची तर ती त्याच्या गाडीपासूनच सुरू करावी लागते, कारण गाडी सोडून त्या आयुष्यात सांगण्यासारखं फारसं काही घडलंच नाही. फिनलंडमधल्या लाहती शहरातल्या खिडक्यांच्या कारखान्यात त्याने जन्मभर काचा तपासल्या. काच उजेडाकडे धरायची, ओरखडा शोधायचा, सापडला की खूश व्हायचं. निवृत्त झाल्यावर काचा सुटल्या, खोड तेवढी घरी आली. बायकोच्या स्वयंपाकात, शेजाऱ्यांच्या वागण्यात, जावयाच्या नोकरीत, सगळीकडे त्याला ओरखडे दिसायचे. जगात निर्दोष अशी एकच वस्तू होती, त्याची निळी गाडी.

आणि तिच्या जिवावर उठलं होतं रस्त्यावरचं मीठ. बर्फ वितळावं, माणसं घसरून मरू नयेत म्हणून हे मीठ टाकतात, ही थाप आहे असं इल्मारीचं ठाम मत होतं. ऑक्टोबरात तो गाडीला मेणाचे थरावर थर चढवायचा. थंडीभर, साधं दूध आणायला जाऊन आला तरी सौनाच्या, घरातल्या वाफेच्या न्हाणीच्या, खिडकीतून नळी बाहेर काढून कोमट पाण्याने गाडीचं पोट धुवायचा आणि रायलीच्या, म्हणजे बायकोच्या, जुन्या टूथब्रशने चाकांचे नट घासायचा. आवारात गाडी धुवायला सोसायटीची बंदी होती, पण बंदी इतरांसाठी असते. धुतलेलं पाणी दारापुढे गोठायचं. त्यावरून शेजारीण एकदा सपशेल आपटली, तेव्हा हा म्हणाला, "बघून चालायला काय होतं लोकांना?"

रायलीला गाडी चालवता येत होती, तिच्याकडे परवानाही होता. पण तिला किल्ली मिळायची ती मे ते सप्टेंबर. बाकीचे महिने तिने बसने फिरायचं.

खरी तऱ्हा चाकांची होती. हिवाळा आला की गाडीला काळी लोखंडी चाकं लागायची आणि उन्हाळ्याची चकचकीत अलॉयची चाकं निघायची. लोक अशी चाकं तळघरात ठेवतात, नाहीतर टायरवाल्याकडे. इल्मारीने मात्र ती मुलीच्या खोलीत नेऊन ठेवली. मुलीचं, कात्रीचं, लग्न झालं होतं, खोली रिकामीच होती. पहिल्या वर्षी चाकं जमिनीवर होती. मग जमीन गार पडते म्हणून पलंगावर गेली. मग धूळ बसते म्हणून त्यांच्यावर पांघरूण आलं. रायली आधी हसली, नंतर तिला सवय झाली, आणि तिथेच तिचं चुकलं. अशा माणसाची सवय करून घेतली की तो आणखी पाय पसरतो.

फेब्रुवारीत कात्रीचा टाम्पेरेहून फोन आला. लेकीला, हेल्काला, घेऊन ती नवऱ्याचं घर सोडत होती.

"आई, हेल्काला घेऊन येतेय मी. दुसरं घर मिळेपर्यंत राहू का?"

"विचारतेस काय गं? तुझी खोली आहे ना!" रायली म्हणाली, आणि फोन ठेवता ठेवता तिची नजर त्या बंद दाराकडे गेली.

इल्मारी पेपर वाचत होता.

"चाकं तळघरात ने. कात्री येतेय," रायली त्याला म्हणाली.

"येऊ दे की. सोफा आहे."

"चार वर्षांचं लेकरू आहे तिच्याबरोबर. सोफ्यावर दोघी किती दिवस काढतील?"

"एप्रिलपर्यंतचाच तर प्रश्न आहे. चाकं गाडीला लागली की खोली तिचीच."

"इल्मारी, पोरगी संसार मोडून येतेय."

"मग मी काय करू? तळघरात अख्ख्या इमारतीचे खारट बूट असतात. चाकांना डाग पडला तर कोण भरून देणार? तुझा जावई?"

रायलीने स्वतःच एक चाक उचललं, कंबर धरत दारापर्यंत आणलं. त्याने ते तिच्या हातून काढून घेतलं, पुसलं आणि परत पलंगावर ठेवलं. पुसलं का, तर तिच्या बोटांचे ठसे उमटले होते.

बसस्टँडवर जायलाही तो तयार झाला नाही. रस्ता आज नुसता खारवलेला आहे म्हणे. कात्री एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात लेक धरून चिखलबर्फ तुडवत आली. रायलीने वेलदोड्याचे गोड पाव भाजले होते, घरभर वास सुटला होता. नातीला दोन वर्षांनी पाहणाऱ्या आजोबाचे पहिले शब्द होते, "बूट बाहेर झटका! मीठ आत आणू नका."

हेल्काने बूट काढले आणि ती आईची खोली बघायला धावली. दार उघडलं. कात्री तिच्यामागे जाऊन उभी राहिली.

"आई, चाकं झोपलीत?" हेल्काने विचारलं.

"हात लावू नकोस! बोटं चिकट असतात तुझी," इल्मारी मागून ओरडला.

कात्री पांघरुणाकडे बघत होती. "बाबा, ही माझी रजई ना? आजीने शिवलेली?"

"हो. सुती आहे, ओरखडे पडत नाहीत," तो म्हणाला. "दार लाव आता, ऊब जाते."

कात्रीने हेल्काला परत बूट चढवायला सुरुवात केली. रायलीला आधी रडू आलं, मग रडू कुठल्या कुठे गेलं आणि नुसती किळस उरली. तिने पाव फडक्यात बांधले, अंगात कोट घातला आणि खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली.

"चल. हेइनोलाला जाऊ, सिस्कोमावशीकडे. माझ्या बहिणीच्या घरात माणसांना पलंग आहेत."

"गाडी? आज?" इल्मारीचा चेहरा पांढराफटक पडला. "रायली, वेड लागलंय का तुला?"

"इतकी वर्षं मला वाटायचं तू विक्षिप्त आहेस," रायली म्हणाली. "विक्षिप्त माणसाला सांभाळून घेता येतं रे. तू नुसता कोता आहेस. आणि मी परत येणार नाहीये."

तो सपाता घालून तसाच आवारात धावत आला. गाडी सुरू झाली होती. त्याने काचेवर टकटक केलं तशी रायलीने काच थोडी खाली केली. काही झालं तरी संसार केला होता त्याच्याबरोबर. एखादा शब्द बोलेल, अशी वेडी आशा तिला त्या क्षणीही वाटली.

"ट्रकच्या मागे राहू नकोस!" तो धापा टाकत म्हणाला. "मीठ उडतं. बोनेट खराब होईल."

रायलीने काच वर केली.

शहर मागे पडलं, हमरस्ता लागला. पुढे केशरी दिवा फिरवत मिठाचा ट्रक संथ चालला होता, मागे मीठ उधळत. दाणे बोनेटवर ताडताड आपटत होते आणि हेल्का प्रत्येक आवाजाला खिदळत होती.

"आई, पुढे काढ ना," कात्री म्हणाली. "पलीकडची लेन मोकळी आहे."

"कशाला?" रायली म्हणाली. तिने ट्रकच्या मागे गाडी आणखी थोडी जवळ नेली आणि हेइनोलाचा फाटा येईपर्यंत त्याची पाठ सोडली नाही.