दहा दिवसांची पुडी

माझे पती चोवीस वर्षं सैन्यात होते. एवढ्या काळात आम्ही सलग तीन महिने एका घरात राहिलो असं एकदाच झालं, तेही त्यांचा पाय मोडला म्हणून. बाकीचा संसार सुट्ट्यांत झाला. मी साताऱ्यात प्राथमिक शाळेत शिक्षिका, त्यांचं गाव मेढ्याकडची एक वाडी. ते निवृत्त होऊन कायमचे घरी आले तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. मुलगी लग्न होऊन गेली होती. आमच्या दोन खोल्यांच्या घरात पहिल्यांदाच आम्ही दोघंच. ओळखीच्या बायका हसून म्हणायच्या, आता खरा संसार सुरू झाला बघा.

आणि त्यांचा हात नुसता खांद्यावर आला तरी मला अंग चोरावंसं वाटायचं.

त्याआधी दोन वर्षं माझं सांगलीत ऑपरेशन झालं होतं. गाठींमुळे गर्भपिशवी काढली, आणि अंडाशयांवरही गाठी निघाल्या म्हणून तीही दोन्ही काढावी लागली. अंगातून वाफा यायच्या, दरदरून घाम सुटायचा. त्यावर मला औषध चालू होतं. पण आणखी काहीतरी गेलं होतं, त्याबद्दल मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. जेवणावरची वासना गेली तर आपण घरभर सांगतो. ही गेली तर कुणाला सांगणार? ते सीमेवर होते तोवर मला त्याची नीट जाणीवही झाली नव्हती.

ते घरी येऊन चार महिने झाले असतील. सकाळी मी शाळेची पिशवी भरत होते. ते चहाचा कप हातात धरून दारात उभे राहिले.

"माझं येणं तुला जड झालंय का?"

"असं का विचारता?"

"सुट्टीवर यायचो तवा तू अशी न्हवतीस. आता कायमचा आलो, तर लांब पळतीस." मग म्हणाले, "दुसरं कुणी हाय का? असलं तर सांग. मी भांडणार न्हाई."

मी 'नाही' म्हणाले. ते बँकेत सुरक्षारक्षकाच्या नोकरीला लागले होते, कप ठेवून निघून गेले. नंतरचे आठ दिवस आम्ही दूध, किल्ली आणि गॅस एवढंच बोललो.

शेवटी मी धाकट्या बहिणीला फोन केला. ती विट्याला असते. तिचा नवरा गलाईच्या धंद्यात, सोनं गाळायच्या दुकानासाठी वर्षाचे दहा महिने तमिळनाडूत. नवरा लांब असणं आणि नवरा घरी येणं, दोन्ही तिला ठाऊक. माझं ऐकून ती हसली नाही.

"ताई, सांगलीत एक डॉक्टर बाई हायत. माझ्या जावेला त्यांनीच बरं केलं. येत्या शनिवारी जाऊ आपण."

डॉक्टरबाई साठीच्या, बोलायला सरळ. मी आडवळणाने सुरुवात केली तर त्यांनीच विचारलं, "संबंधांची इच्छा राहिली नाही, हेच ना? त्याचा त्रास तुम्हाला होतोय, की फक्त साहेबांना?"

मी जरा विचार केला. "मला होतोय," म्हणाले. "मला माझंच काहीतरी हरवल्यासारखं वाटतं."

मग त्यांनी बराच वेळ समजावलं. ज्याला आपण पुरुषांचं हार्मोन म्हणतो ते टेस्टोस्टेरॉन बाईच्या शरीरातही थोडं तयार होतं, आणि त्यातलं बरंचसं अंडाशयांत. माझी अंडाशयंच काढलेली. बाहेरून थोडं दिलं तर काही बायकांची इच्छा परत येते, काहींची नाही. "थकवा जाईल, वजन उतरेल, पुन्हा तरुण व्हाल, असलं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मी ते फक्त या एका तक्रारीसाठी देते." बायकांसाठी बनवलेलं औषध इथे मिळत नाही, पुरुषांचंच जेल अगदी कमी वापरायचं. पुरुष एका दिवसात संपवतो ती पुडी मी दहा दिवस पुरवायची. वाटाण्याएवढं मांडीवर चोळायचं, हात साबणाने धुवायचे, लहान मुलाचा त्या जागेला स्पर्श होऊ द्यायचा नाही. आधी रक्ततपासणी, सहा आठवड्यांनी पुन्हा. "चेहऱ्यावर केस, पुटकुळ्या, आवाजात फरक, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी थांबायचं आणि मला फोन करायचा. आवाज एकदा बदलला तर तो परत येईलच असं नाही."

मी मान हलवली. त्या क्षणी मला आवाजाची काय पडली होती?

औषधाच्या दुकानातल्या माणसाने चिठ्ठी वाचून मोठ्याने विचारलं, "साहेबांसाठी का?" मागे चार माणसं उभी. मी 'हो' म्हणाले आणि खोका पदराखाली घेतला.

तो खोका मी साड्यांच्या कपाटात लपवला. तिसऱ्याच दिवशी शाळेतून आले तर तो टेबलावर होता आणि पती समोर बसलेले. इस्त्रीच्या कपड्यांसाठी त्यांनी कपाट उघडलं होतं. खोक्यावर 'फक्त पुरुषांसाठी' असं इंग्रजीत छापलेलं.

"माझ्यासाठी आणलंस?" त्यांचा आवाज अगदी हळू होता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "दोष माझ्यात हाय असं डॉक्टरला सांगून आलीस?"

"आवं, ते तुमचं नाही. माझं आहे."

त्यांना कळेचना. मग मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ऑपरेशन, काढलेली अंडाशयं, वासना गेली ती, डॉक्टरबाई, वाटाण्याएवढं जेल. लग्नानंतरच्या तेवीस वर्षांत हे शब्द मी त्यांच्यासमोर कधी उच्चारले नव्हते. ते खाली बघत राहिले.

"बाईमाणसानं गड्याचं औषध लावायचं? काय भलतंच झालं म्हंजे?"

"होऊ शकतं. म्हणून तपासणी करायची."

"मग मला आधी का सांगितलं न्हाईस?"

ते बाहेर गेले. तासाभराने भाजी घेऊन आले आणि म्हणाले, "तपासणीला मी येतो."

सहा आठवड्यांचा रिपोर्ट चांगला आला. मला मात्र काहीच वाटत नव्हतं. तिसऱ्या महिन्यात एका रविवारी दुपारी ते अंगणात गाडी धूत होते, बनियन भिजलेलं, आणि मी खिडकीतून बघत उभी राहिले. कितीतरी वेळ. मग मीच जाऊन त्यांना आत बोलावलं. जेवताना आम्ही दोघंही उगीच हसत होतो. त्या महिन्यात घर हलकं झालं होतं, हे मी खोटं सांगणार नाही.

चूक त्यानंतरची, आणि ती सर्वस्वी माझी. एवढ्याशा जेलने एवढं होतं, तर आणखी थोडं का नको? वार्षिक परीक्षा आल्या, पेपर तपासून मी दमायचे, आणि अंगात जोर येईल म्हणून वाटाण्याचा हरभरा झाला, हरभऱ्याचा त्याहून मोठा. दहा दिवसांची पुडी मी चार दिवसांत संपवू लागले. पुढची तपासणी 'सुट्टीत करू' म्हणून ढकलली. हनुवटीवर पुटकुळ्या आल्या, त्या उन्हाळ्याच्या मानल्या. दोन जाड केस आले, ते चिमट्याने उपटले. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं आठवत होतं आणि तरी मी फोन केला नाही. केला असता तर त्यांनी बंद करायला लावलं असतं.

जूनमध्ये शाळा उघडली. दुसरीच्या वर्गाला कविता म्हणायला लावत होते. वरचा सूर लावायला गेले आणि आवाज फाटला. पोरं खुदकन हसली. "बाई, तुमचा आवाज बसलाय," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. मी हळदीचं दूध घेतलं, मिठाच्या गुळण्या केल्या. पंधरा दिवस झाले तरी आवाज बसलेलाच.

मग विट्याहून बहिणीचा फोन आला. मी उचलून 'हॅलो' म्हणाले.

"दाजी, ताईला द्या की जरा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दाजी? ऐकू येतंय ना?"

"मीच आहे गं," म्हणाले. ती घाबरून म्हणाली, "ताई? आगं, काय झालंय तुला?"

मी फोन ठेवून जमिनीवर बसले. पती स्वयंपाकघरातून आले. त्यांना पुडीचा हिशेब सांगितला. ते रागावले नाहीत, आणि ते मला फार लागलं. "मला रोज फरक ऐकू येत हुता," ते म्हणाले. "तुला वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाई."

दुसऱ्या दिवशी रक्त दिलं. रिपोर्टला दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत मी पुन्हा पुन्हा एकटीच 'हॅलो' म्हणून बघत होते. डॉक्टरबाईंनी कागद पाहून चष्मा काढला. बाईच्या शरीरात असावं त्याच्या कितीतरी वर प्रमाण गेलं होतं. "मॅडम, तुम्ही शिकवता. मुलं सांगितलेलं ऐकत नाहीत तेव्हा तुम्ही काय करता?" एवढंच बोलल्या. औषध त्याच दिवशी बंद केलं, कोलेस्टेरॉल तपासायला लावलं, घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

"आवाज येईल का?" मी विचारलं.

"थोडा कदाचित. पहिल्यासारखा म्हणून धरून चालू नका."

पुटकुळ्या दीड महिन्यात गेल्या. केस हळूहळू कमी झाले. आवाज अर्ध्यावर येऊन थांबला. बहिणीला आता ओळखू येतो, अनोळखी माणूस मात्र फोनवर अजून 'बोला सर' म्हणतो. सकाळच्या प्रार्थनेला मी द्यायचे तो सूर आता दुसऱ्या बाई देतात. मुख्याध्यापकांना मी घशाचा आजार सांगितला. पहिल्या दिवशी त्या बाई माझ्या जागी उभ्या राहिल्या तेव्हा मी मुलांच्या रांगा सरळ करत मागे मागे गेले.

औषध बंद झालं आणि परत आलेली इच्छाही ओसरली. वर्षभराने आम्ही दोघं पुन्हा डॉक्टरबाईंसमोर बसलो. औषध पुन्हा सुरू करण्याच्या दोन्ही बाजू त्यांनी मांडल्या आणि म्हणाल्या, "बरीच वर्षं घेतल्यावर काय होतं, हे मलाही खात्रीने सांगता येणार नाही."

परतताना पेठ नाक्यावर चहाला थांबलो. पती म्हणाले, "माझं काय न्हाई. तू बरी असलीस की बास."

"मला पुन्हा घेऊन बघायचंय," मी म्हणाले. "वाटाण्याएवढंच."

त्यांनी चहा संपवला, तोंड पुसलं. "मग पुडीवर तारीख मी घालणार," म्हणाले.

आता प्रत्येक पुडीवर त्यांच्या अक्षरात उघडल्याची तारीख असते. तपासणी चुकवत नाही. रक्त देऊन आले की रिपोर्ट येईपर्यंत माझं कशात लक्ष लागत नाही, हनुवटीवरून सारखा हात फिरतो. मागच्या आठवड्यातला रिपोर्ट ठीक आला. पुढचा सहा महिन्यांनी.